माहुल : एक हवा, दोन लढे

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे खाडीला लागून माहुल हे कोळ्यांचे जुने गाव आहे आणि त्याच्याजवळच आंबापाडा ही वस्ती आहे. आज हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्या नावाने चालणारे दोन तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात या परिसरात उभे राहिले. त्याच दशकात टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, पुढे खतकारखाना आला आणि या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत रसायने व इंधने साठवणाऱ्या टाक्यांची रांग वाढत गेली. गाव आधीचे आणि कारखाने नंतरचे, हा क्रम मुद्दाम नोंदवायला हवा, कारण प्रदूषणाची तक्रार करणाऱ्याला ‘मग इथे राहायला आलातच कशाला’ असा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आंबापाड्याच्या लोकांना तो लागू पडत नाही. माहुलमध्येच नंतर वसवलेल्या दुसऱ्या समूहालाही तो लागू पडत नाही, कारण ती माणसे तिथे स्वतःहून आलीच नव्हती.

हे प्रकरण या दोन समूहांचे आहे. गावकरी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि त्यांनी हवा सुधारून मागितली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून माहुलला पाठवलेली कुटुंबे मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि त्यांनी त्या हवेतून बाहेर काढण्याची मागणी केली. हवा एकच होती, तरी मागण्या, न्यायासने आणि निकाल वेगवेगळे होते. तरीही पहिल्या लढ्यात जे हाती लागले त्यावर दुसरा लढा उभा राहिला, आणि माझ्या मते या प्रकरणातली अभ्यासण्याजोगी गोष्ट तीच आहे.

नाकाला कळते ते यंत्राला कळत नाही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चेंबूरला १०० पैकी ६९.१९ गुण मिळाले होते. सत्तरच्या वरच्या क्षेत्रांना ‘अतिगंभीर’ म्हटले जाते. चेंबूर त्या रेषेच्या जेमतेम खाली राहिले. म्हणजे हवा वाईट आहे ही बातमी कुणालाच नवी नव्हती. गावकऱ्यांची अडचण वेगळी होती. त्यांना त्रास देणारी गोष्ट धूळ किंवा धूर नव्हती, वास होता. डोळे चुरचुरत, घसा धरला जाई, छातीत कोंडल्यासारखे होई आणि तासाभराने सगळे निवळून जाई. तक्रार केल्यावर अधिकारी येत तोवर दाखवायला काही उरत नसे.

यामागचे तांत्रिक कारण समजून घेतल्याशिवाय लढ्याचे स्वरूप कळत नाही. बेंझिन, टोल्युइन, झायलिन यांसारखी द्रव्ये सामान्य तापमानालाही सहज वाफ होऊन उडतात. त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. न्यायालयीन कागदपत्रांत आणि आंदोलकांच्या बोलण्यातही ‘व्हीओसी’ हाच शब्द रुळला आहे. अशी द्रव्ये साठवलेली टाकी एका अर्थी श्वास घेत असते. दिवसा ती तापली की वरच्या रिकाम्या जागेतली वाफ फुगून बाहेर पडते. टँकर भरताना आत शिरणारा द्रव तितकीच वाफ बाहेर ढकलतो. आणि झडपा, जोड, पंप यांतून थोडीथोडी गळती चालूच असते. हिवाळ्याच्या रात्री हवा जमिनीलगत थिजून राहते तेव्हा हे सगळे वस्तीच्या उंचीवरच साचते. टाकीवर तरंगते छप्पर बसवणे, भरताना निघणारी वाफ ओढून परत द्रवरूप करणे, गळती नियमित शोधून बुजवणे हे उपाय माहीत असलेले आहेत. त्यांना खर्च येतो एवढेच.

आता या वायूंची मोजणी कशी होते ते पाहू. २०१५ पासून देशभर जाहीर होणारा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे : दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. यांत बेंझिन नाही, टोल्युइन नाही, झायलिनही नाही. राष्ट्रीय मानकांत बेंझिनला मर्यादा आहे, वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. पण दररोज वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या आकड्यात त्याचे प्रतिबिंब पडत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी निर्देशांक ‘समाधानकारक’ आणि आंबापाड्यातल्या बाईचे डोळे लाल, असे एकाच वेळी घडू शकते आणि त्यात दोघांपैकी कुणीही खोटे नसते.

हा पेच सोडवायला मदत झाली ती वैद्यकीय पाहणीची. परळच्या केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये या परिसरात श्वसनविकारांची पाहणी केली. तपासलेल्या लोकांपैकी ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा दम लागत होता, ८४.५ टक्के लोकांनी छाती कोंडल्याची तक्रार केली आणि ८६.६ टक्के लोकांचे डोळे चुरचुरत होते. हवेत टोल्युइन डायआयसोसायनेट आढळल्याची नोंदही त्या अहवालात होती. हे रसायन फोमच्या गाद्यांसाठी लागणाऱ्या पॉलियुरेथेनच्या निर्मितीत वापरतात आणि ते श्वासनलिकेला घातक म्हणून ओळखले जाते. वाऱ्यावर उडून गेलेला वास पकडून आणता येत नाही; पण तो ज्यांच्या छातीत शिरला त्यांची नोंद करता येते. सार्वजनिक रुग्णालयाच्या शिक्क्याने ती झाली याला पुढे फार महत्त्व आले.

२०१४ मध्ये रहिवाशांनी हरित लवादाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय खंडपीठाकडे अर्ज केला. रोख मुख्यतः रसायनसाठ्याचे काम करणाऱ्या सी लॉर्ड कंटेनर्स या कंपनीवर आणि तिची मूळ कंपनी एजिस लॉजिस्टिक्स हिच्यावर होता. तेलकंपन्याही प्रकरणात आल्या. १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादाने म्हटले की, परिसरातील हवेच्या सद्यःस्थितीमुळे माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्यावर कृती आराखडा करण्यास सांगितले. गावकऱ्यांच्या दृष्टीने हा अर्धाच विजय होता. टाक्या तिथेच राहिल्या आणि वासही. पण धोक्याविषयीचे ते वाक्य आता एका न्यायाधिकरणाच्या दप्तरात कायमचे नोंदले गेले होते.

पाण्याच्या नळासाठी

आता दुसऱ्या टोकाकडून पाहू. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईत १८९२ पासून येते आहे. त्या जलवाहिन्यांच्या कडेला मुलुंड, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला असे करत दशकानुदशके झोपड्यांची रांग उभी राहिली. २००६ साली दाखल झालेल्या एका जनहित याचिकेत शहराच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न मांडला गेला आणि उच्च न्यायालयाने जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचा १० मीटरचा पट्टा मोकळा करण्याचे आदेश दिले. आदेशामागचा हेतू रास्त होता. सव्वा कोटी माणसांचे पिण्याचे पाणी ज्या नळातून जाते त्याला कुणीही हात लावू शकेल अशी स्थिती असू नये. पाडकाम करताना पात्र ठरलेल्या कुटुंबांना पर्यायी घर द्यायचे होते, आणि महापालिकेच्या हाती एकगठ्ठा घरे होती ती माहुलमध्ये.

एव्हरस्माइल नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत ७२ इमारती आणि १७,२०५ सदनिका आहेत. प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे, इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि कुंपणापलीकडे तेलशुद्धीकरण कारखाना. २०१७ पासून तानसाकाठची कुटुंबे मोठ्या संख्येने इथे आणली गेली. तारखांचा मेळ घालून पाहावा : लवादाचा निकाल डिसेंबर २०१५ चा, चाव्यांचे वाटप त्यानंतरचे. ज्या हवेविषयी एका न्यायाधिकरणाने धोक्याची नोंद केली होती, त्याच हवेत शासनयंत्रणेने हजारो माणसे नव्याने नेऊन ठेवली. यामागे कुणाचा दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. घरांची फाइल एका खात्यात होती, हवेची दुसऱ्यात आणि जलवाहिनीची तिसऱ्यात, आणि त्या तिन्ही एका टेबलावर आणणे हे कुणाचेच काम नव्हते. ते काम अखेर रहिवाशांना करावे लागले.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करण्याची योजना महापालिकेने आखली होती. सायकल हे स्वच्छ हवेचे वाहन म्हणून तिचे कौतुकही झाले.

माहुलला आलेल्यांच्या तक्रारी सुरुवातीला हवेच्या नव्हत्याच. घरकाम करणाऱ्या बायकांची कामाची घरे घाटकोपर-विद्याविहारला राहिली होती, मुलांच्या शाळा तिकडेच होत्या, बस तुटपुंजी होती, लिफ्ट बंद पडत, भिंतींना ओल होती, मलवाहिन्या तुंबत. पाण्याच्या सुरक्षिततेसाठी उठवलेल्या लोकांना नव्या घरी गढूळ पाण्याची तक्रार करावी लागली. त्वचेचे विकार, खोकला, दमा, क्षय यांचे बोलणे काही महिन्यांनी सुरू झाले. आजारपण जिन्यावर, पाण्याच्या रांगेत, एकमेकींच्या घरातल्या औषधांच्या पिशव्या पाहून कळत गेले. ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या माहुल येथील कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार जखमी झाले. वसाहतीच्या खिडक्यांपर्यंत हादरा पोहोचला, आणि आतापर्यंत वासापुरते बोलणारे लोक भिंतीपलीकडे नेमके काय साठवले आहे हे विचारू लागले.

पदपथावरचे वर्ष

ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस माहुलच्या रहिवाशांनी विद्याविहार येथे, जलवाहिनीजवळ, जिथे त्यांची घरे पाडली गेली होती त्याच ठिकाणी पदपथावर बैठे आंदोलन सुरू केले. ‘जीवन बचाओ आंदोलन’ असे त्याला नाव दिले गेले, आणि मेधा पाटकर यांच्या पुढाकाराने चालणारे ‘घर बचाओ घर बनाओ आंदोलन’ त्यांच्या सोबत होते. हे धरणे वर्षाहून अधिक काळ चालले. त्यात बायकांचा वाटा मोठा होता, आणि पावसाळ्यातही प्लास्टिकच्या कापडाखाली लोक बसून राहिले.

जागेची निवड डावपेच म्हणून विचार करण्याजोगी आहे. माहुलमध्ये बसले असते तर पाहणार कोण? ते मुंबईचे असे टोक आहे की तिथून कुणी सहज जात नाही. विद्याविहारला रोजची वर्दळ होती, ओळखीचे दुकानदार होते, कामाची घरे चालत जाण्याच्या अंतरावर होती. आंदोलन आणि रोजंदारी दोन्ही सांभाळता येत होती. शिवाय त्या जागी बसल्याने मागणीचा अर्थही आपोआप स्पष्ट होत होता. पुनर्वसनाला विरोध नव्हता, घर फुकट मिळूनही नाक मुरडणे नव्हते. ‘घर द्या, पण माहुल नको’ एवढेच म्हणणे होते. तरीही ‘यांना मोक्याची जागा हवी आहे’ हा आरोप झालाच. मुंबईत गरिबाने जागेविषयी काहीही म्हटले तरी त्यात भूखंडाचा भाव शोधला जातो.

आंदोलनाने मृतांची यादी केली. माहुलला आल्यानंतर शंभराहून अधिक माणसे दगावली असा त्यांचा दावा होता. काटेकोर बोलायचे तर अशा यादीने कारण सिद्ध होत नाही. मृतांचे वय, आधीचे आजार, तितक्याच लोकसंख्येच्या दुसऱ्या वस्तीतील मृत्यूंचे प्रमाण हे सारे शेजारी ठेवावे लागते, आणि ते काम पदपथावर बसलेल्या बायकांचे नव्हे. पण सरकारकडे तर वसाहतीतल्या मृत्यूंची तुलना करण्याजोगी कोणतीच नोंद समोर नव्हती. यादीचे खरे कार्य तेवढेच होते : तुम्ही मोजत नसाल तर आम्ही मोजतो, आमचे चुकले असेल तर तुमचे आकडे दाखवा.

उच्च न्यायालयापुढे मात्र रहिवाशांचा आधार केवळ यादीचा नव्हता. तिथे लवादाचा २०१५ चा निष्कर्ष होता. आंबापाड्याच्या कोळ्यांनी मिळवलेले वाक्य आता विद्याविहारच्या घरकामगार बायकांच्या कामी आले. हवा घातक आहे का, हा प्रश्न नव्याने सिद्ध करायचा नव्हता. घातक ठरलेल्या हवेत सरकार कुणाला राहायला भाग पाडू शकते का, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा होता. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने माहुलला जाऊ न इच्छिणाऱ्या कुटुंबांना महिना १५,००० रुपये घरभाडे आणि ४५,००० रुपये अनामत देण्याचे आदेश दिले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने कुणालाही माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले आणि तिथे आधीच राहत असलेल्यांनाही १२ आठवड्यांत हीच रक्कम देण्यास सांगितले.

या निकालाच्या चारच दिवस आधी, १९ सप्टेंबरच्या रात्री, चेंबूर, मानखुर्द, घाटकोपर, पवई ते थेट पश्चिम उपनगरांपर्यंत वायूचा उग्र वास पसरला होता. अग्निशमन दलाचे दूरध्वनी खणखणत राहिले, गाड्या धावल्या, मंत्र्यांपासून सगळे जागे झाले, आणि वास कुठून येतो हे त्या रात्री कुणालाच ठामपणे सांगता आले नाही. एका रात्रीपुरती मुंबई आंबापाड्याच्या जागी उभी होती.

निकालानंतरची हवा

आदेश आणि अंमल यांत अंतर पडले. भाड्याच्या रकमेसाठी पुन्हा खेटे, पात्रतेची पुन्हा पडताळणी, कागद पुन्हा पहिल्यापासून. १५,००० रुपयांत पूर्व उपनगरात घर मिळते, पण घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो आणि दरवर्षी मुलांची शाळा बदलते; तात्पुरते भाडे म्हणजे पुनर्वसन नव्हे, ही आंदोलकांची तक्रार योग्यच होती. त्यामुळे कायम घरांची मागणी सुटली नाही. पुढे म्हाडाची काही घरे त्यांच्यासाठी उपलब्ध करून देण्यात आली; गरजेच्या मानाने ती मूठभर होती.

दरम्यान गावकऱ्यांचा लढा लवादात चालूच होता. १३ ऑगस्ट २०२० रोजी लवादाच्या प्रधान पीठाने चार कंपन्यांवर नुकसानभरपाईची जबाबदारी ठरवली : एजिस लॉजिस्टिक्स १४२ कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियम ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियम ६७.५ कोटी आणि सी लॉर्ड कंटेनर्स २० लाख रुपये, म्हणजे एकूण सुमारे २८६ कोटी. ही रक्कम परिसराची हवा पूर्ववत करण्याच्या आराखड्यावर खर्च करायची होती आणि त्यासाठी समिती नेमली गेली. या आदेशात मला रकमेपेक्षा तिची विभागणी महत्त्वाची वाटते. चौघांतला सर्वांत मोठा वाटा कोणत्याही एका शुद्धीकरण कारखान्याच्या वाट्याला न येता साठवणूक करणाऱ्या कंपनीच्या वाट्याला आला; धुराडे नसलेल्या, वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या टाक्या हवा किती बिघडवू शकतात याची ती अधिकृत कबुली होती, आणि गावकरी सुरुवातीपासून बोट दाखवत होते ते तिकडेच. कंपन्यांनी आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

दोन्ही लढे शेजारी ठेवले की एक विषमता दिसते. तानसाकाठच्या कुटुंबांना निदान कागदावर सुटकेचा मार्ग मिळाला, कारण त्यांना माहुलला आणणारा हात सरकारचा होता आणि त्या हाताला न्यायालय आदेश देऊ शकत होते. आंबापाड्याच्या लोकांना कुणी आणलेले नव्हते, म्हणून त्यांना बाहेर काढण्याचा प्रश्नही कुणापुढे आला नाही. त्यांनाही जायचे नव्हते. होडी, खाडी आणि गावठाण सोडून सात मजली इमारतीत कोळी कुठे जाणार? पण ज्या निष्कर्षाच्या जोरावर दुसऱ्यांना ‘माहुल नको’ म्हणता आले, तो मिळवणारे लोक माहुलमध्येच राहिले. दोन्ही आंदोलनांनी एकच मागणी संयुक्तपणे मांडली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला पडतो. कदाचित काहीच झाले नसते. एकाची ‘हवा सुधारा’ ही मागणी दुसऱ्याच्या ‘इथून हलवा’ या मागणीला मारक ठरली असती, कारण हवा सुधारते आहे असे म्हणताच पुनर्वसन रास्त ठरवण्याची सोय झाली असती.

एव्हरस्माइलमधली हजारो घरे रिकामीच राहिली. २०२५ मध्ये महापालिकेने त्यांपैकी ९,०९८ घरे आपल्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना विकण्याची योजना जाहीर केली. मुंबईत या किमतीला स्वतःच्या मालकीचे घर ऐकायलाही मिळत नाही. तरीही अर्ज आले ते काहीशेच. सफाई, पाणीपुरवठा, आरोग्य अशा खात्यांत नोकरी करणाऱ्या या लोकांना माहुल कुठे आहे आणि तिथली हवा कशी आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.